एंगेज लाईनचा सोमवार

घरच्या कॉम्प्युटरवरून मी वेबसाइट चालवायचो, ही गोष्ट मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. पॉलिटेक्निकच्या स्नेहसंमेलनात सांगितली, माझ्या निरोप समारंभात सांगितली, आणि नातवंडांना तर इतक्यांदा सांगितली की ती आता माझ्या आधीच पुढचं वाक्य बोलून टाकतात. दर वेळी मी तिच्यातला एक सोमवार गाळला. गाळायचं असं ठरवलेलं नसायचं. त्या दिवसाजवळ आलो की मी दुसऱ्याच कुठल्या गमतीकडे वळायचो, ऐकणारे हसायचे, आणि वेळ निघून जायची. आता मला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत. ज्यांना हे आधी सांगायला हवं होतं त्यांतले एक जण वारले. म्हणून तो सोमवार इथे लिहून ठेवतो.

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. आम्ही केडगावला राहायला येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी नगरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. आमच्या ओळीत पहिला फोन आमच्याकडे आला आणि बराच काळ तो एकटाच होता. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं, पण तेव्हा फोन घरमालकाचा एकट्याचा नसायचा. आजूबाजूची आठ-दहा घरं आमचा नंबर स्वतःचा म्हणून देत. नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर, पिठाच्या गिरणीच्या पाटीवरसुद्धा आमचा नंबर होता. पुढे फक्त ‘पी.पी.’ लिहायचं. म्हणजे फोन शेजारचा आहे, पण निरोप पोचेल. या दोन अक्षरांवर लोकांची सोयरीक, नोकरी, दवाखाना सगळं चालायचं.

निरोपाचं खातं माझ्या बायकोकडे होतं. फोन आला की ती ‘दहा मिनिटांनी करा’ म्हणून ठेवायची आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन हाक मारायची. गावातल्या फोनला एक हाक, बाहेरगावच्या फोनला दोन. वाईट बातमी असली तर ती हाक मारत नसे, पदर खोचून स्वतःच जायची. ती भिंतीशी न थांबता फाटकातून बाहेर पडली की सगळ्या ओळीतल्या बायका दारात येत.

भिंतीपलीकडे एका फिटरचं घर होतं. नेवासा तालुक्यातून आलेलं बौद्ध कुटुंब. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्या करत. माझी बायको त्याच तालुक्यातल्या सोनईची, त्यामुळे ते तिच्या लेखी माहेरचे. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचं पातेलं यायचं, दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जायचं. ते मला ‘सर’ म्हणत आणि मी त्यांना ‘भाऊ’. कुठलाही अर्ज लिहायचा असला की ते कोरा कागद आणि पेन घेऊन येत आणि म्हणत, “सर, तुमच्या भाषेत लिवा. आमच्या भाषेत लिवला की सायब वाचीतच न्हाई.”

त्यांची थोरली मुलगी त्या वर्षी बारावी सायन्स झाली होती. तिने पुण्याच्या एका नर्सिंग शाळेचा अर्ज भरला होता आणि प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं होतं. कुणी जागा सोडली तर शाळेचं ऑफिस फोन करणार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. अर्जावर फोन आमचा होता, पुढे ‘पी.पी.’. तो फॉर्म मीच भरून दिला होता.

आता वेबसाइट.

मला वीरगळांचा नाद होता. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसासाठी गावाने उभा केलेला कोरीव दगड. आपल्या जिल्ह्यात ते गावोगावी आहेत. कुठे देवळामागे, कुठे विहिरीच्या काठाला, कुठे त्यावर बायका धुणं आपटतात. रविवारी स्कूटर काढायची, दगड शोधायचा, त्याच्यावरची माती ओल्या फडक्याने पुसायची आणि फोटो काढायचा, असं मी पंधरा वर्षं केलं. पॉलिटेक्निकात स्कॅनर आल्यावर मी ते फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एकेचाळीस निवडले आणि प्रत्येकाची माहिती लिहिली. त्या वेळी मराठी अक्षरं परदेशातल्या कॉम्प्युटरवर दिसत नसत, चौकोन दिसत. म्हणून मी मजकुराचंही चित्र केलं. चित्रं झाल्यामुळे सगळं जड झालं. फुकट जागा देणाऱ्या कंपन्यांच्या कोठारात ते मावेना.

तेव्हा मी ठरवलं, की कोठार आपल्याच घरात ठेवायचं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून सर्व्हरचा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. जगात कुठेही कुणी माझं पान उघडलं की त्याची मागणी टेलिफोनच्या तारेवरून केडगावला आमच्या पुढच्या खोलीत यायची आणि टेबलावरच्या त्या पेटीतून फोटो त्याच्याकडे जायचा. मधे दुसऱ्या कुणाचं दुकान नाही. याचा मला फार अभिमान होता. खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा याचाच जास्त होता.

पण त्यात दोन अडचणी होत्या. माझी साइट चालू राहायची ती फोनची लाईन इंटरनेटला जोडलेली असेपर्यंतच. म्हणजे साइट उघडी असली की फोन एंगेज. बाहेरून करणाऱ्याला टूं टूं ऐकू येणार, आणि घरातल्या फोनची घंटा मात्र वाजणार नाही. दुसरी अडचण पत्त्याची. लाईन प्रत्येक वेळी नव्याने लावली की साइटला नवीन आकड्यांचा पत्ता मिळायचा. लाईन तुटली की जुना पत्ता रद्द. म्हणून कुणाला साइट दाखवायची तर मी आधी लाईन लावायचो, मग त्याला ई-मेलने आकडे कळवायचो, आणि त्याचं बघून होईपर्यंत लाईन जपायचो.

बायको याला ‘दुकान’ म्हणायची. रविवारी सकाळी मी तासभर ते उघडायचो. तासाला पाच मिनिटं वर झाली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, शटर ओढा! लोकांचे फोन यायचेत.” मी म्हणायचो, “आत्ता एक गिऱ्हाईक आहे, कॅनडाचं.” ती म्हणायची, “कॅनडावाल्याला सांगा उद्या या. गिरणीवालीच्या बहिणीला दिवस भरलेत.”

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात जुन्या शिल्पांविषयी शिकवणाऱ्या एका गृहस्थांना, अभ्यासकांच्या एका ई-मेल गटावर मी रविवारी टाकत असलेल्या आकड्यांवरून, माझी साइट सापडली. त्यांनी दोन-तीन ई-मेल केले, बारीक प्रश्न विचारले. मग लिहिलं, की अमुक सोमवारी त्यांच्या सकाळी दहाच्या वर्गात ते माझी पानं विद्यार्थ्यांना दाखवू इच्छितात. साइट चालू असेल का? त्यांचे दहा म्हणजे आमचे दुपारचे अडीच. मी कळवलं, असेल. पॉलिटेक्निकात किरकोळ रजा टाकली.

त्या सोमवारी बायको सोनईला गेली होती. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि भावाकडे घर सारवायला-आवरायला ती दरवर्षी दोन दिवस जायची. ती घरी असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

सकाळी नऊच्या सुमाराला पलीकडची मुलगी भिंतीवरून डोकावली. दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकची फाईल.

“काका, आज-उद्यात पुण्याचा फोन येईल बहुतेक. वरच्या मुलीने जागा सोडली म्हणे.”

“का गं, का सोडली?”

“लग्न ठरलं तिचं. आई म्हणते, बघ, तुझं नाही ठरलं ते किती बरं झालं.” ती हसली. “काकू नाहीत ना? मग हाक तुम्ही माराल?”

“मारीन की.”

“दोन मारा बरं का. पुणे बाहेरगाव आहे.”

“दोन मारीन,” मी म्हणालो.

मी लाईन लावायला बसलो. तेव्हा लाईन एका झटक्यात लागत नसे. मोडेम आवाज करायचा, किंचाळायचा आणि गप्प व्हायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. दहा वाजून वीस मिनिटांनी ती लागली. मी आकडे लिहून इंग्लंडला ई-मेल पाठवला, नेहमीसारखे गटावरही टाकले. ते उठल्यावर वाचतील आणि कागदावर टिपून वर्गात नेतील. म्हणजे आता अडीचपर्यंत ही लाईन तुटता कामा नये. तुटली तर त्यांच्या हातातला पत्ता फुकट, आणि वर्गासमोर ते आणि मी दोघेही तोंडघशी.

मुलीच्या फोनचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. विचार होता. साधारण साडेदहा वाजता मी तो केला आणि बाजूला ठेवला. मी मनाशी म्हणालो, ऑफिसं अशी सकाळी फोन करत नाहीत. मग म्हणालो, केला आणि नाही लागला तर परत करतील. मग म्हणालो, नाहीतर उद्या करतील. या तिन्ही गोष्टी मला मनातून पटल्या नव्हत्या. सर्व्हर पान उघडणाऱ्याची प्रत्येक मागणी पडद्यावर एका ओळीने नोंदवतो. मी त्या ओळींकडे बघत बसलो.

एक वाजता ती आली. भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने.

“काका, आला का हो?”

“नाही गं, अजून नाही.”

फोन तिच्या समोरच होता, तिपाईवर, बायकोने विणलेल्या झाकणाखाली. कॉम्प्युटर लावला की फोन बंद होतो हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या घरी यातलं काहीच नव्हतं. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“हे काय चाललंय?”

मी सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. ही ओळ उमटली की समज, जगातल्या कुणीतरी आपल्या केडगावच्या या खोलीतलं पान उघडलं.

“अय्या. मग आज कुणी उघडलं?”

“सकाळपासून दोघांनी.”

“दोघांनीच? आणि तुम्ही बसून आहात?” ती मोठ्याने हसली. “म्हणजे काका, तुमचीपण वेटिंग लिस्टच की!”

मीही हसलो. ती आणखी पाच मिनिटं उभी होती, ओळ उमटते का बघत. उमटली नाही. “येते,” म्हणाली. “दोन हाका, लक्षात आहे ना?” आणि गेली. ती दाराबाहेर पडेपर्यंत वायर काढायला मला वेळ होता. एक खटका, एवढंच काम होतं. मी घड्याळ पाहिलं, वर्गाला दीड तास राहिला होता.

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ओळी यायला लागल्या. एकापाठोपाठ बावीस. मी उभा राहिलो होतो असं आठवतं. इंग्लंडमधली मुलं माझे दगड बघत होती. चार मिनिटांनी ओळी थांबल्या. मी वाट पाहिली. वाटलं, चर्चा चालू असेल, पुन्हा येतील. तीन वाजले, साडेतीन वाजले. मी साडेचारपर्यंत लाईन तशीच ठेवली. त्या दिवसाच्या सगळ्या ओळी मी प्रिंटरवर छापून घेतल्या, कडेला भोकं असलेल्या कागदावर. आठवण म्हणून ठेवायच्या होत्या. मग लाईन सोडली.

सोडल्याबरोबर घंटा वाजली. मी झडप घातली. बायको होती, सोनईहून.

“काय हो, दुपारपासून लावतेय मी! एंगेज, एंगेज. दुकान उघडलं होतंत का?”

“थोडा वेळ.”

“थोडा वेळ?” ती म्हणाली. “बरं. फ्रीजमधली भाजी आज संपवा.”

त्या दिवशी पुन्हा फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी मी कॉम्प्युटरला हात लावला नाही, रजा वाढवून दिवसभर फोनपाशी होतो, तासातासाला रिसीव्हर उचलून आवाज येतोय का बघत होतो. मुलगी चार वेळा आली. मी चार वेळा नाही म्हणालो.

शुक्रवारी पोस्टकार्ड आलं. भाऊ दुसऱ्या पाळीला जायच्या आधी ते घेऊन आले. बायको परतली होती, स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसली होती.

“सर, ह्ये बघा काय आलंय.”

कार्डावर तीन ओळी होत्या. सोमवारी दूरध्वनीवर वारंवार प्रयत्न करूनही संपर्क होऊ शकला नाही, सबब जागा पुढील उमेदवारास देण्यात आली आहे.

“सोमवारी फोन बिघडला हुता का, सर?”

मी बिघडला होता म्हणू शकलो असतो. पण सोमवारी मी मुलीला दोनदा भेटलो होतो आणि फोन बिघडल्याचं बोललो नव्हतो. म्हणून मी म्हणालो, “नाही. फोन चांगला होता. मी दिवसभर घरीच होतो, फोनसमोरच. पुण्याचा फोन वाजला नाही.”

यातला एकही शब्द खोटा नाही. वाक्य जुळवताना मी तेवढी काळजी घेतली होती.

भाऊंनी कार्ड परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. “म्हंजी त्यांनी फोन केलाच न्हाई,” ते सावकाश म्हणाले. “नाव वाचलं, आडनाव वाचलं, आन् दिली जागा दुसऱ्याला. वर लिवत्यात संपर्क झाला न्हाई. व्हय ना, सर?”

असं त्यांच्या बाबतीत पूर्वी खरोखर घडलेलं होतं. कारखान्यात बढतीच्या वेळी घडलं होतं, तो अर्जही मीच लिहिला होता. त्यामुळे त्यांना हे पटायला वेळ लागला नाही. मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

“उद्या जातो पुण्याला,” ते म्हणाले. “इचारतो त्यास्नी.”

ते गेल्यावर बायको दारातून उठली नाही. तिथूनच म्हणाली, “सोमवारी तुमचं दुकान चालू होतं.”

“हो.”

“जाऊन सांगा त्यांना.”

“सांगून जागा परत मिळणार आहे का?”

“जागा जाऊ द्या. तो माणूस उद्या रजा टाकून, तिकीट काढून भांडायला चाललाय. कुणाशी भांडणार? ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याशी?”

“भांडेल आणि येईल परत. मग सांगतो शांतपणे.”

तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली.

ते परत आले ते जास्तच पेटून. “वही दाखवली मला,” ते म्हणाले. “प्रवेशाच्या टेबलावर एक बाई हाय. रजिस्टर काढलं अन् बोट ठिवून दाखवलं. अकरा धा, एंगेज. बारा चाळीस, एंगेज. सव्वातीन, एंगेज. टायमासकट लिवून ठिवलंय खोटं! मी म्हनलं, बाई, आमचे सर दिवसभर फोनम्होरं बसून हुते. तुमचं खरं का सरांचं खरं? तर म्हनती, मला काय ठावं तुमचे सर. मी म्हनलं, तुला ठावं न्हाई, मला ठावं हाय.”

मी काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही. ते गेल्यावर कपाटातून छापलेला कागद काढला आणि त्यावर वेळा शोधल्या. अकरा दहाच्या सुमाराला कुणीतरी चौदाव्या नंबरचा फोटो उघडला होता. बारा चाळीसला काहीच नाही, मागेपुढे अर्धा तास कोरा. सव्वातीनलाही कुणी नाही. वर्ग तर दोन एक्कावन्नलाच संपला होता. त्या शेवटच्या फोनच्या वेळी मी कुणासाठीही बसलेलो नव्हतो, नुसता बसलो होतो.

रविवारी भाऊ कोरा कागद आणि पेन घेऊन आले. तक्रारअर्ज लिहायचा होता. मी लिहिला. तीन पानं, मुद्देसूद, माझ्या चांगल्यात चांगल्या मराठीत. ‘सदर दिवशी दूरध्वनी सुस्थितीत होता.’ ‘रजिस्टरमधील नोंदी संशयास्पद आहेत.’ खाली साक्षीदार म्हणून सही केली, आडनाव स्पष्ट लिहिलं, हुद्दा लिहिला. भाऊ म्हणाले, “तुमची सही हाय म्हंजी वजन पडंल, सर.” आणि पडलं. चौकशी झाली की नाही माहीत नाही, जागा मिळाली नाहीच; पण दोन-तीन महिन्यांनी भाऊ पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा करून आले. “त्या बाईला हलवली तिथनं. कुठंतरी स्टोअरला टाकली म्हनं. एवढा तरी न्याय झाला, सर.”

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांनी आपलं काम नीट केलं होतं. तीन वेळा फोन लावला होता आणि तिन्ही वेळा खरं लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी मुलीने पुन्हा अर्ज भरावा म्हणून मी फॉर्म मागवून घेतला. माझ्या परीने ती भरपाई होती. तिचे गुण चांगले होते, या वेळी नाव सरळ यादीत लागलं असतं. भाऊंनी फॉर्म बघितला आणि घडी करून माझ्याच टेबलावर ठेवला.

“नको, सर. तिथं आपल्याला घेत न्हाईत, हे आता कळलं ना. पुन्ना पोरीनं रोज भितीवरनं डोकावत बसायचं? लई झालं.”

ती आत उभी होती. इथे मी सांगायला हवं होतं. एंगेज लाईनने तिचं एकच वर्ष गेलं होतं. पुढची सगळी माझ्या त्या जुळवलेल्या वाक्याने गेली, आणि ते वाक्य मागे घेणं त्या क्षणी माझ्या हातात होतं. मी म्हणालो, “बघा, विचार करा.” फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला.

बायकोने कुणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिने एवढंच केलं, की त्यानंतर कुणी आमचा नंबर मागायला आलं की ती म्हणायची, “आमचा देऊ नका बाई. आमचा फोन भरवशाचा नाही.” लोकांना वाटायचं, लाईन खराब आहे. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. वर्षभरात मी साइट बंद केली. कारण विचारलं तर सांगायचो, आता सगळीकडे भरपूर जागा फुकट मिळते, घरात ठेवायची गरज उरली नाही. इंग्लंडच्या गृहस्थांचा ई-मेल मात्र आला होता, त्या सोमवारच्याच आठवड्यात. मुलांना आवडलं, फोटो फार हळू येतात, म्हणून दोनच नीट दाखवता आले, असं लिहिलं होतं.

मुलगी नगरमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागली. लग्न होऊन संगमनेरला गेली, तिथेही एका दवाखान्यात. पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणतात. सलाईन ती लावते, इंजेक्शन ती देते, बाळंतिणीजवळ ती बसते. प्रमाणपत्र नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात ती कधी जाऊ शकली नाही.

बायको गेली त्याला सात वर्षं झाली. शेवटच्या आजारात एकदा, दुसऱ्याच कशावरून तरी बोलता बोलता, ती म्हणाली, “तुम्ही अजून गेला नाहीत ना पलीकडे?” मी म्हणालो, “जाईन.” त्यानंतर तीन वर्षांनी भाऊ गेले. मी त्यांच्या अंत्ययात्रेत चालत होतो. त्यांच्या धाकट्या मुलाने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, “हेच ते सर, ताईसाठी पुण्याच्या संस्थेशी भांडले होते.”

गेल्या वर्षी मी संगमनेरला गेलो. सोबत तो छापलेला कागद घेतला होता, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. एसटीत बसल्यापासून वाक्य पाठ करत होतो. मला भीती होती की मी पुन्हा तसंच एखादं खरं पण फसवं वाक्य बोलेन, म्हणून ते अगदी साधं केलं होतं.

दवाखान्यात ती खिडकीशी बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून उठलीच. “काका! एकटे आलात एवढ्या लांब? कुणी सोबत नाही?” खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर बसलेल्या दोन बायकांना सांगितलं, “हे आमचे काका. माझ्यासाठी यांनी त्या काळी तीन पानी अर्ज लिहिला होता. वडील शेवटपर्यंत जपून होते त्याची प्रत.”

मी पिशवीत हात घातला. “तुला एक सांगायचं होतं,” मी म्हणालो.

“आधी हात द्या. किती धाप लागलीय तुम्हाला.” तिने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबायला सुरुवात केली. “त्या सोमवारचं...” मी म्हणालो.

“शू. बीपी घेताना बोलायचं नाही, काका. चुकीचं येतं.”

मी हवा सुटण्याचा आवाज ऐकत राहिलो. आकडा बघून ती म्हणाली, जास्त आहे, गोळ्या चालू आहेत ना, आणि तेवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली. एका पोराला सलाईन लावायची होती. “बसा हं, आलेच,” म्हणून ती गेली. मी वीस मिनिटं बसलो. खिडकीवरचा फोन दोनदा वाजला. तिने आतून धावत येऊन उचलला, निरोप लिहून घेतला, पुन्हा आत गेली. दोन्ही वेळा माझ्याकडे बघून हसली. मग मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. कागद पिशवीतच होता.

पाठ केलेलं वाक्य मी परतीच्या गाडीत पुन्हा म्हणून पाहिलं, ओठ हलवून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं. त्यात काही चुकलेलं नव्हतं. पोरी, पुण्याहून तुझ्यासाठी तीन वेळा फोन आला होता, त्या रजिस्टरमधल्या वेळा खऱ्या होत्या. लाईन मी अडवून ठेवली होती, मला ते तेव्हाच माहीत होतं, आणि तुझ्या वडिलांना मी ते सांगितलं नाही. मला क्षमा कर.